गायींनी खाल्लेलं मैदान

शीलादीदीच्या उजव्या हाताची बोटं कायम पांढरी असायची. कापडी पिशवीत ती चुना घेऊन फिरायची. पानाला लावायचा नव्हे, मैदानावर रेषा मारायचा. संध्याकाळी रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून सुटली की सायकल थेट आमच्या कॉलनीच्या मैदानात आणायची, ओढणी कमरेला आवळायची, आणि वाकून मुठीतून चुना सोडत कबड्डीचं अख्खं मैदान आखून काढायची. रोज. कारण सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा सुटला की आमच्याकडं काळी धूळ बसते, आणि आज मारलेली रेषा उद्या शोधावी लागते. एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, "दीदी, रोज रोज काय मारतेस? सगळं वायाच जातं ना!" तिनं मान वर केली नाही. "धूळ माह्या हातात हाय का? नाही. चुना हाय का? हाय. मंग मी चुना मारते. तू चपला काढ आन् पळाले लाग."

शीला डोंगरे तिचं नाव. मूळची भंडाऱ्याकडची, लग्न होऊन रायपूरला आलेली. नवरा गेल्यावर त्याच्या जागेवर अनुकंपेनं कारखान्यात लागली. आम्ही मराठी घरच्या पोरी तिला ताई म्हणायला हव्या होत्या, पण रायपुरात थोरली बाई म्हणजे दीदी, मग तीही दीदीच. आमच्या चमूत साहू होत्या, वर्मा होत्या, एक उडिया पोरगी होती. खेळताना हिंदी, भांडताना छत्तीसगढी आणि दीदीच्या शिव्या तेवढ्या मराठीत. त्या मात्र सगळ्यांना समजायच्या! आता दीदी नाही. मागच्या उन्हाळ्यात ती गेली. पण ऑफिसात कोणी रडगाणं लावलं की मी अजून तिच्याच आवाजात खेकसते. लोक दचकतात, आणि मला तिची फार आठवण येते. म्हणून हे लिहायला बसले.

रडगाणं तिला खपतच नसे. पंडरीजवळच्या एका शाळेत आमचा सामना होता. पंचानं मला धडधडीत चुकीचं बाद दिलं. माझा पाय रेषेच्या आत होता, देवाशपथ आत होता! मी बाहेर येऊन भोकाड पसरलं. दीदी पाण्याची बाटली पुढं करत म्हणाली, "पंच तुह्या मामाचा पोरगा हाय का?"

"नाही."

"मंग तो तुहं ऐकंल काहून? पंच आपला नाही. पाय आपले हायेत. पुढच्या चढाईत पाय कुठं टाकतेस तेवढं सांग."

हेच तिचं सगळ्यांना उत्तर असायचं. कोणाच्या बापाची नोकरी गेली, कोणाच्या घरात भांडण झालं, कोणाला आरशात स्वतःचं नाक आवडेना, काहीही असो. ती सगळं ऐकून घ्यायची, अगदी शेवटपर्यंत, आणि मग म्हणायची, "हं. हे झालं लाईनीच्या बाहेरचं. आता आतलं सांग." आतलं काय ते सापडेपर्यंत ती पोरीला सोडत नसे. आणि सापडायचंच काहीतरी. कधी अगदी एवढुसं, नखाएवढं. तेवढ्याला ती लगेच कामाला लावायची.

यावरून ती सोशिक होती असं कोणाला वाटत असेल तर त्यानं तिला कारखान्यात पाहायला हवं होतं. पहिल्या दिवसांत तिथल्या माणसांनी तिला चहा आणायला आणि झाडू मारायला ठेवलं. बाईमाणूस, वरून विधवा, हिला काय लोखंड उचलणार! दीदी सुपरवायझरसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशी म्हणाली, "चहा मी घरी करते. इथं मले हातोडा पायजे." मिळाला. ती आम्हाला सांगायची, "भांडायचं एकदाच. पण असं, का समोरच्याच्या ध्यानात रायलं पायजे. मंग त्याच्या तोंडाकडं पाहत बसायचं नाही. कामाले लागायचं."

नवऱ्याच्या आजारपणाबद्दल ती फक्त एकदा बोलली. मी विचारलं होतं, लहान होते, जीभ आवरत नसे. म्हणाली, "दुखणं डॉक्टरच्या हातात होतं. त्याच्याबी हातात नव्हतं म्हणा. माह्या हातात डबा होता. तो मी टायमावर नेला. येकबी दिवस तो माणूस भुकेला रायला नाही." एवढं बोलून तिनं शिटी वाजवली आणि आम्हाला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. नेहमीपेक्षा जास्त.

मग ते मैदान गेलं.

कॉलनीच्या समितीनं ठरवलं की मैदान लग्नांसाठी भाड्यानं द्यायचं. भिंत झाली, फाटक झालं, फाटकाला कुलूप लागलं. लोकांना बरंच वाटलं. आमचं काय झालं ते मात्र कोणाला कळलं नाही, म्हणून सांगते. आम्हाला घरून खेळायला पाठवत होते ते एकाच कारणासाठी: मैदान घरांच्या समोर होतं. आया खिडकीतून बघू शकत होत्या. दूरच्या स्टेडियमवर, शहराच्या पलीकडं, पोरींना कोण पाठवणार? माझे बाबा तर नाहीच नाही. मैदान गेलं म्हणजे आमचं खेळणं गेलं, इतका साधा हिशोब होता. कुलूप पाहून साहूंची दुलारी फाटकाला लाथा घालत होती आणि मी रडत होते.

दीदी समितीच्या अध्यक्षांकडं गेली. आम्ही मागोमाग. अध्यक्ष झोपाळ्यावर बसले होते. म्हणाले, "दीदी, स्टेडियम ले जाइए ना लड़कियों को. वहाँ तो बढ़िया मैट है."

"भैया, इनकी माँ लोग खिड़की से देखती हैं, इसलिए भेजती हैं. स्टेडियम में मेरे को खिड़की बता दो, मैं आज ले जाती हूँ."

अध्यक्ष हसले. "अब समिति का फैसला है. मैं अकेला क्या करूँ?"

"अकेले ने ही किया है, सबको मालूम है," दीदी म्हणाली. झोपाळा थांबला. "मैं पूछने आई थी. पूछ लिया. अब बाद में मत बोलना कि पूछा नहीं."

परत येताना आम्हाला वाटलं आता मोर्चा निघणार, नारे होणार. मी तर काय काय ओरडायचं तेही मनात ठरवलं होतं. दीदी आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली, सायकल भिंतीला लावली आणि सिमेंटच्या रस्त्यावर चुन्यानं रेषा मारायला लागली. "मैदान त्याईचं," ती म्हणाली. "खेळ आपला. येणारी गाडी दिसली का पटकन बाजूले व्हायचं, रस्ता अडवायचा नाही. चला."

आणि मग तिनं जे केलं ते तीच करू जाणे. ती घरोघर गेली. आयांना सांगितलं की तुम्ही आता खिडकीतून बघू नका, खाली या, मला रेषेवर पंच पाहिजेत. माझी आई भाजी आणि विहार सोडून कुठं जात नसे. चार माणसांत तिचा आवाज निघत नसे. ती घाबरून म्हणाली, "अवो शीलाबाई, मले त्यातलं काय समजते?"

"भाजी करपली का समजते ना? न पाहता समजते. मंग पाय रेषेबाहेर गेला तेबी समजंल. गेला का हात वर करायचा. पोरगी तुमची असो का दुसऱ्याची."

आई खुर्ची घेऊन रेषेवर बसली. पहिल्याच दिवशी तिनं मला बाद दिलं! मी फणफणले, "आई, नव्हता ना गेला!" तर ती आपली हात वर करून ढिम्म. जिंदगीत पहिल्यांदा तिचा शब्द शेवटचा होता. तिला ते आवडलं, आणि मला ते तिच्या तोंडावर दिसलं.

पण सिमेंटवर कबड्डी म्हणजे गुडघ्यांचं वाटोळं. पडलं की सोलपटायचं. तेव्हा दुलारीच्या काकांनी अभनपूरच्या शेतावरून पैरा पाठवला. पैरा म्हणजे धानाचं तणस. आम्ही ते रस्त्यावर जाड पसरलं आणि वर फ्लेक्सचे जुने बॅनर शिवून घातले. फ्लेक्स कुठून आणणार? कॉलनीत एकाच माणसाचे फ्लेक्स लागायचे. अध्यक्षांचे. जन्मदिन की हार्दिक बधाई, हात जोडलेले, मिशा आकडेबाज. उतरवलेले फ्लेक्स कचऱ्यात पडले होते, तेच आम्ही उचलले. दुलारीला तोंड वर ठेवून त्यावर उड्या मारायच्या होत्या. मलाही, खोटं कशाला बोलू! दीदीनं हाग्या दम दिला. "उलटा घाला. माणसाच्या तोंडावर पाय द्यायचा नाही. आपलं भांडण झालं, संपलं." मग पांढरी बाजू वर आली आणि त्यावर कोळशानं रेषा आल्या. इतकं मऊ मैदान आम्हाला पूर्वी कधी मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मैदान नाही.

गायींनी खाल्लं होतं! रायपुरात गायी रस्त्यावरच राहतात. पैरा म्हणजे त्यांना पंगतच वाढलेली. आम्हा सगळ्या शहाण्यांपैकी एकीच्याही डोक्यात हे आलं नव्हतं, आणि त्यात शेतकऱ्याची पुतणी दुलारीही होती. गायींनी फ्लेक्स उलथवून टाकला होता, खालचा पैरा फस्त केला होता, आणि जाता जाता शेणही टाकलं होतं. कुठं? अध्यक्षांच्या बरोबर मिशीवर. तोंड आभाळाकडं, हात जोडलेले, वर ताजं शेण. सगळी गल्ली बघून गेली. माझ्या आईनं पदर तोंडात कोंबला होता.

अध्यक्ष तणतणत आले. "ये क्या तमाशा है? मेरी इज्जत..."

दीदी कामावर निघाली होती. सायकल धरून उभी राहिली. "भैया, मैंने तो उलटा ही रखा था. लड़कियों से पूछ लो. सीधा गाय ने किया. अब गाय मेरे हाथ में नहीं है."

आणि ती गेली! मागं एवढा हशा पिकला की अध्यक्ष आल्या पावली परत फिरले. संध्याकाळी दीदी परत आली तेव्हा आम्ही तिला खांद्यावर घ्यायला निघालो होतो. तिनं झिडकारलं. "हसणं झालं? गाय आपल्या हातात नाही. पैरा कुठं ठेवायचा ते आपल्या हातात होतं. अक्कल गहाण टाकली होती का आपण? मीबी त्यातच." तेव्हापासून खेळ संपला की पैरा पोत्यांत भरून माझ्या घराच्या गच्चीवर जायचा आणि दुसऱ्या दिवशी परत खाली यायचा. त्या पोत्यांनी आमचे दंड असे भरले की पकडीत कोणी सुटत नसे. अंगाला खाज मात्र भयंकर सुटायची.

अध्यक्ष विसरले नाहीत. ते आमच्या खेळाच्या वेळी स्वतःची नवी पांढरी गाडी आणून गल्लीच्या मधोमध लावू लागले. लावायची आणि निघून जायचं. दुलारी म्हणाली, टायरची हवा काढते. दीदीनं गाडीभोवती एक फेरी मारली, अलीकडची जागा डोळ्यांनी मापली आणि म्हणाली, "गाडी त्याईची हाय. हात नाही लावायचा. अलीकडं अर्धं मैदान रायलं ना? अर्ध्या मैदानात चढाई होत नाही, पकड होते. आता फक्त पकड."

मला त्या दिवशी तिचा राग आला होता. मी म्हटलं, "दीदी, तू घाबरतेस त्याले."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "पोट्टे, घाबरली असती तं घरी बसली असती. त्याले काय पायजे? का आपण त्याच्याकडं पाहावं, त्याच्या नावानं बोटं मोडावी, आन् खेळ बंद पडावा. दोन गोष्टी मी त्याले देईन. तिसरी नाही देणार."

महिनाभर आम्ही पकड शिकलो. आणि बायका? त्यांची रेषेवरची जागा गाडीखाली गेली होती, मग त्या गाडीलाच टेकून बसू लागल्या. पहिल्यांदा माझ्याच आईनं डाळीची परात बोनेटवर ठेवली. मी बघतच राहिले. हीच का ती, जी शेजारणीकडं विरजण मागायला मला पाठवायची? मग कोणी वांगी चिरायला घेतली, कोणी आमचे घामेजलेले टॉवेल आरशांना अडकवले, कोणाचा नातू स्टूल समजून वर चढला. ओरखडा म्हणून कुठं नाही, सगळं कसं सांभाळून. अध्यक्ष एकदा गाडी न्यायला आले, तर वर्माकाकू म्हणाल्या, "थोड़ा रुको भैया, मेथी बस होने को है." थांबावं लागलं त्यांना! त्यानंतर गाडी आली नाही.

मला वाटलं, जिंकलो. मग दीदीची बदली झाली. नागपूरकडं.

आम्ही सगळ्यांनी आकांत केला. साहेबाला भेटू म्हणालो, सगळ्या आयांना घेऊन जाऊ म्हणालो. दीदी म्हणाली, "भेटली मी. चांगली भांडली. नाही म्हणला." तिचा आवाज जरा बसला होता. तिलाही जायचं नव्हतं, ते दिसत होतं. पण दुसऱ्याच वाक्याला ती म्हणाली, "जायाच्या आधी मले तुमाले घोट्यात पकड शिकवायची हाय. ते रायलंच." उरलेल्या सगळ्या संध्याकाळी तिनं आमच्या घोट्यांचा जीव काढला. शेवटच्या दिवशीही भाषण नाही, रडणं नाही. दुलारीची वाढलेली नखं बघून तिला दोन शिव्या घातल्या, आईला नमो बुद्धाय केला आणि सायकल दुलारीच्याच हातात देऊन ऑटोत बसली. ऑटो वळेपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही. मला ते फार लागलं. आता वाटतं, पाहिलं असतं तर तिला जाता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बाबा पहिल्या पाळीवरून आले, अंगावरची काळी धूळ धुतली आणि दारात खुर्ची टाकून बसले. बाबा वाईट माणूस नव्हते. त्यांना जगाची भीती वाटायची, आणि ती माझ्यावर निघायची. म्हणाले, "झालं. मास्तरीण गेली, खेळ गेला. दहावी हाय तुही. आता घरात बसायचं."

 मी म्हटलं, "बाबा, अभ्यास मी पहाटे करीन. पण संध्याकाळी मी खेळीन."

"मी नाही म्हटलं ना?"

बोलायचं ते मी बोलले होते. आता काय करायचं? मी खाली बसले आणि गुडघ्याला पट्टी बांधायला लागले. गाठ बसेना. बाबा उठून दारात आडवे उभे राहिले. मला वाटलं आता संपलं सगळं. खेळ कुलुपानं गेला नाही, गायींनी गेला नाही, गाडीनं गेला नाही, आणि आता तो माझ्याच घराच्या दारात जातोय.

आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला. आई पदराला हात पुसत बाहेर आली, तिनं बाबांच्या मागची खुर्ची उचलली आणि म्हणाली, "सरका जरा."

"तू कुठं चालली?"

"रेषेवर."

"अवो, पण शीलाबाई तं गेली ना!"

"ती गेली. मी हाय ना?" आईचा आवाज चढला नव्हता, पण त्याला कंपही नव्हता. "दार अडवू नका. मले उशीर होऊन राहिला. ऊठ गं प्रज्ञा."

बाबा सरकले. काय करतील बिचारे, त्यांच्यासमोर हे कधी झालंच नव्हतं. बाहेर आलो तर वर्माकाकू स्टूल घेऊन येत होत्या, उडिया काकूंनी पैऱ्याचं पोतं ओढत आणलं होतं, आणि दुलारी वाकड्यातिकड्या रेषा मारत होती. मला राहवेना. मी आईचा फोन घेतला आणि नागपूरला दीदीला लावला. मागं कुठली तरी गाडी धडधडत होती. एका श्वासात सगळं सांगितलं. बाबा, दार, खुर्ची, आई. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

"आई कुठं हाय?" दीदीनं विचारलं.

"रेषेवर बसली."

"पोट्ट्या आल्या?"

"सगळ्या."

"मंग तू फोनवर काय करून राहिली? चढाई काय मी इथून करू? ठेव तो फोन!"